जितारा मोठा लिव

हाताने बोर्ड रंगवणारे आम्ही लोक संपलो, तेव्हा तसं कुणी आम्हाला येऊन सांगितलं नाही. एका वर्षी मंडळाचं कापड रंगवायला आलं नाही. पुढच्या वर्षी शाळेचा बोर्ड आला नाही. मग जुने दुकानदार रस्त्यात भेटले की घाईत असल्यासारखे पुढे जायला लागले. सगळीकडे फ्लेक्स झालेला. डोंबिवलीजवळ कोपरला चाळीत माझ्या दाराशी पत्र्याची एक पाटी आहे, लाल अक्षरात ‘पेंटर’ आणि अक्षरांना काळी सावली. ती मी काढली नाही, पण तिच्याकडे बघून कुणी येत नव्हतं. कधीतरी ‘खोली भाड्याने देणे आहे’, कधीतरी ‘येथे गाडी लावू नये’, बस.

त्यात बायको गेली. मुलगी लग्न होऊन नाशिकला, ती दर रविवारी फोन करायची, जेवलात का विचारायची. जेवलो म्हणायचो. बाकी आठवडाभर दूधवाला आणि भाजीवाली सोडून माझ्या तोंडून शब्द निघत नसे. एकदा शेजारणीने काहीतरी विचारलं आणि उत्तर द्यायला गेलो तर आवाजच फुटला नाही, खाकरून घ्यावं लागलं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

अशा दिवसांत एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. वीस-एकवीस वर्षांची, जीन्सवर रंगाचे डाग.

“काका, गिरणीच्या भिंतीवर ती मसाल्याची जुनी जाहिरात आहे ना, ती तुम्ही लिहिलेली का? खाली सही आहे.”

ती जाहिरात मी स्वतः विसरून गेलेलो. वीसेक वर्षं झाली असतील. तिने सहीवरून चार ठिकाणी विचारत विचारत मला शोधलेलं. ठाण्याच्या कॉलेजात शिकत होती, राहायला डोंबिवलीलाच. दहा-बारा जणांचा त्यांचा ग्रुप होता, नदी आणि खाडीसाठी काम करणारा. खाडीच्या काठी पंपहाऊसची लांबच लांब भिंत रंगवायची परवानगी त्यांनी मिळवलेली.

“चित्रं आम्ही काढू. पण अक्षरं आमची वाकडी येतात. तुम्ही याल का?”

“काय लिहायचंय?”

“पाणी हेच जीवन.”

मला हसू आलं. तिला राग आला असावा.

“अगं, हे मी आयुष्यभर लिहीत आलोय. शाळा, दवाखाना, टाकी, सगळीकडे. एकाही माणसाने थांबून वाचलेलं मी बघितलं नाही. त्याच भिंतीखाली लोक कचरा टाकतात.”

“मग लोक काय वाचतात?”

“नावं. आपलं, नाहीतर ओळखीचं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एवढी तोंडं असतात, तरी माणूस उभा राहून आपलं तोंड शोधतोच की.”

तिने दाराशी लावलेली माझी पाटी वाचली. मग म्हणाली, “उद्या सकाळी आठला येते न्यायला.” आणि निघून गेली. संध्याकाळी मी खाटेखालून ब्रशची पेटी काढली. पाच ब्रशांपैकी दोन अजून मऊ होते.

खाडीकाठची ती भिंत ओलसर होती, खालून मिठाची पांढरी साय चढलेली. पोरं रंगाच्या बादल्या घेऊन आलेली. मोबाइलमध्ये बघून त्यांनी भिंतीवर मासे काढायला सुरुवात केलेली. एक केशरी, एक निळा, काचेच्या पेटीत असतात तसे. एक तर डॉल्फिन होता. मी सुतळीला खडूची पूड लावून दोन टोकांना धरायला लावली, मधे ओढून सोडली, तशी भिंतीवर सरळ रेघ उमटली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्याशा गोष्टीला माझ्यासाठी टाळ्या कधी वाजल्या नव्हत्या. मी मान खाली घालून दुसरी रेघ मारायला घेतली.

तेवढ्यात मागून आवाज आला. “यो कंचा मावरा?”

खाडीवरच्या कोळ्यांच्या घरातली एक बाई उभी होती. सत्तरीच्या पुढची, काष्टा घातलेली, कमरेवर मासळीची पाटी. केशरी माशाकडे बोट दाखवत होती. त्या मुलीने सांगितलं, “आजी, खाडीतले मासे काढतोय आम्ही.”

“आमचे खारीन ह्यो नाय,” बाई म्हणाली. “ह्यो कदीच नव्हता.”

पोरं ओशाळली. मी विचारलं, “मग काय होतं, मावशी?”

तिने पाटी खाली ठेवली आणि सांगायला लागली. जितारा. बोय. शिंगाला. निवटी, चिखलावर उड्या मारणारी. कोलंबी, चिंबोऱ्या, दगडाला चिकटलेली कालवं. काही नावं मी आयुष्यात ऐकली नव्हती. एकेक नाव घेताना ती हाताने माप दाखवायची, एवढा, एवढुशी, आणि जिताऱ्याला तर तिने दोन्ही हात पसरले तरी पुरले नाहीत.

तिथेच ठरलं. त्या मुलीनेच ठरवलं खरं तर. केशरी मासा पुसला, डॉल्फिन पुसला. भिंतीवर फक्त नावं लिहायची, मावशी सांगेल ती, आणि अक्षरांच्या मागे पाण्याचा रंग पोरं देतील.

पुढचे पंधरा-वीस दिवस मी रोज तिथे गेलेलो. पोरं कॉलेज असेल तशी यायची-जायची. मावशी दुपारचं जेवण आटपून यायची आणि पलीकडच्या होडीच्या सावलीत बसून माझ्यावर नजर ठेवायची. तिला वाचता येत नव्हतं. पण अक्षर किती जागा घेतं ते तिला बरोबर दिसायचं.

“ह्यो कंचा?”

“जितारा.”

“नी यो बाजूचा?”

“निवटी.”

“दोनी सारकंच कसं? जितारा मोठा लिव. निवटी बारकी हाय.”

मी आयुष्यभर अक्षरं गिऱ्हाइकाच्या पैशाप्रमाणे किंवा जागेप्रमाणे मोठी-छोटी केलेली. माशाप्रमाणे कधी केली नव्हती. पुसून पुन्हा आखलं. ‘जितारा’ माझ्या छातीएवढ्या उंचीचा झाला. ‘निवटी’ वितीएवढी, भिंतीच्या तळाशी, चिखलाजवळ. कालवं तर मी दगडी पायाच्या फटीत एक-एक अक्षर करून बसवली. मावशीने जवळ येऊन ‘जितारा’वर हात फिरवला, ओला रंग तिच्या बोटांना लागला, तो तिने लुगड्याला पुसला.

एक सुशिक्षित गृहस्थ रोज संध्याकाळी तिथे फिरायला यायचे. त्यांनी थांबून मला सांगितलं, “चुकलंय तुमचं. जिताडा. ड आहे तो, र नाही.”

मी मावशीकडे बघितलं. ती म्हणाली, “मी बोलतंय तसाच लिव.”

तसाच ठेवला.

एकदा त्या मुलीने मला विचारलेलं, “काका, तुम्ही एवढं मन लावून का करता? आम्ही तर प्रोजेक्ट म्हणून सुरू केलेलं.”

माझ्या ओठांवर आलेलं. माझी आजी गावच्या विहिरीपासून लांब उभी राहायची, वरच्या आळीतल्या कुणाला दया येऊन घागरीत पाणी ओतेपर्यंत. ऊन डोक्यावर यायचं तरी उभी. पाण्याला हात लावायचा हक्क आमच्या लोकांनी मार खाऊन मिळवला, हे मी लहानपणापासून दर जयंतीला ऐकत आलोय, त्यावर कापडं रंगवलीत. आणि आता अशा नासलेल्या पाण्याच्या काठावर बसलेलो की ज्याला हात लावायला कुणीच तयार नाही, ना आमचे, ना त्यांचे. हे सगळं तिला सांगावंसं वाटलं. पण ती तोवर मोबाइलवर काहीतरी टाइप करायला लागलेली. मी म्हटलं, “घरी वेळ जात नाही.”

“सो स्वीट,” ती म्हणाली.

भिंत पूर्ण झाली. लोक खरंच थांबायला लागले. मोटरसायकलवरून जाणारा एक माणूस थांबला आणि मागे बसलेल्या बायकोला म्हणाला, “शिंगाला! आमचा बाबा आणायचा.” त्या वाक्यावर मी दोन दिवस काढले.

मग एका सकाळी मावशीच्या शेजारच्या घरातून निरोप आला की खाडीवर या. गेलो तर भरती ओसरत होती आणि काठाला पांढरं काहीतरी लागलेलं. जवळ गेल्यावर कळलं, मासे. पोट वर करून पडलेले, चिखलात, खारफुटीच्या मुळांमध्ये, होडीच्या दोरीला अडकलेले. वास नाकात नाही, घशात बसत होता. वरून कुठून तरी रात्रीतून कारखान्याचं पाणी सोडलेलं, कुणी सोडलं ते कुणी सांगत नव्हतं. मावशी गुडघाभर चिखलात उभी होती. तिने एक मासा उचलला, माझ्यासमोर धरला.

“बोय,” ती म्हणाली. “तू नाव लिवलास. आता बघ कसा असतंय.”

मेलेला का होईना, तो मासा मी पहिल्यांदाच हातात घेतला. बाजारात बघितलेला, पण नाव लिहिल्यावर नाही.

पोरांनी फोटो टाकले, दोन दिवस खूप धावपळ झाली. ठाण्याला सरकारी कार्यालयावर मोर्चा न्यायचं ठरलं. हातात धरायचे फलक मी पुठ्ठ्यावर रंगवले, माझ्या खोलीत जमिनीवर पसरून, पाय ठेवायला जागा राहिली नाही. त्या दिवशी पोरं खोलीत येऊन जाऊन होती, कुणी चहा केला, कुणी माझ्या बायकोच्या फोटोखाली रंगाचा डबा ठेवला आणि जीभ चावली. मला राग आला नाही. खोली भरलेली होती.

मोर्चाला शंभर येतील म्हणालेले, आले तीसेक. कोर्टनाक्याजवळ पोलिसांनी अडवलं, परवानगीचा कागद बघितला आणि पाच जणांनाच आत जा म्हणाले. ती मुलगी, तिचे दोन मित्र, मावशी, आणि मावशी म्हणाली पेंटर पाहिजे, म्हणून मी.

साहेब चांगले होते. खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मुलीने निवेदन वाचलं, छान वाचलं. साहेबांनी नमुने घेऊ, चौकशी करू, दोषी असेल त्याला नोटीस काढू असं सांगितलं. मग मावशीकडे वळून म्हणाले, “आजी, नुकसानभरपाईसाठी वेगळा अर्ज करावा लागेल. तो दुसऱ्या विभागात.”

“मना भरपाई नको,” मावशी म्हणाली.

“मग काय पाहिजे?”

“कंच्या दिसाला पानी सोरतान, तवरा सांगा. त्या दिसाला जालं टाकनार नाय.”

साहेबांनी समोरचा कागद सरळ केला, पुन्हा सरळ केला. “असं आधी सांगता येत नाही, आजी. पाणी सोडायची परवानगीच नाही कुणाला.”

“पन सोरतान ना?”

शिपायाने येऊन पुढची मंडळी बसली आहेत असं सांगितलं. आम्हाला निवेदनाच्या प्रतीवर शिक्का मिळाला.

बाहेर पोरांनी शिक्क्याचा फोटो काढला, सगळ्यांनी मिळून फलकांसकट फोटो काढले, मग सगळी मिसळ खायला गेली. “काका, आजी, चला ना.” मावशीचे पाय दुखत होते. मी म्हटलं, मी सोडतो हिला. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. ती सगळा रस्ता खिडकीतून बघत होती. कळवा गेल्यावर एवढंच म्हणाली, “साहेब खोटा नाय बोलला.”

नमुने घेतले असं कळलं. नोटीस कुणाला तरी गेली असंही कळलं. काही महिने पाणी त्यातल्या त्यात बरं होतं, मावशीला थोड्या कोलंब्या मिळायला लागल्या. एकदा तिने डब्यात घालून माझ्यासाठी पाठवल्या. नंतर पुन्हा एकदा वास आला, पुन्हा मासे आले काठाला, आधीपेक्षा कमी. कमी का, तर आता मरायला तेवढे नाहीत, मावशी म्हणाली.

पोरांचं शिक्षण संपलं. त्या मुलीला बंगळुरूला नोकरी लागली. जायच्या आधी ती भेटायला आली, पाया पडली, मला एक चांगला ब्रश दिला, परदेशी, लाकडी पेटीतला. “काका, भिंतीची काळजी घ्या.” व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर सुरुवातीला ती विचारायची, भिंत कशी आहे. मी फोटो टाकायचो, कुणीतरी हृदय टाकायचं. मग त्या ग्रुपवर सकाळच्या फुलांचे संदेश यायला लागले. मग तेही थांबलं. मी अजून त्यात आहे. बहुतेक सगळेच आहेत.

भिंतीवर जाहिरातीचे फ्लेक्स लागले. ‘बोय’ आणि ‘शिंगाला’ झाकले गेले. मी लावणाऱ्यांना शोधून काढलं, तरणीताठी माणसं, उद्धट नव्हती.

“काका, महिनाभराचीच जाहिरात आहे. नंतर काढणारच.”

त्यांनी शब्द पाळला. पण खिळे ठोकलेले, त्याबरोबर प्लास्टर निघालं, ‘बोय’मधला ‘य’ अर्धा उरला. मी एकटा जाऊन तो भरला. सुतळीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून तिथे खिळा ठोकला आणि त्याला बांधली. मावशी होडीच्या सावलीत नव्हती. वाटलं, दुपारची झोपली असेल.

दुसऱ्या दिवशीही नव्हती. तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. आजवर कधी गेलो नव्हतो, लांबूनच माहीत होतं. दारात एक बाई तांदूळ निवडत होती. सून असावी.

“मावशी आहेत का?”

तिने वर बघितलं. “सासूबाई गेल्या. तेरावं पण झालं.”

तिने विचारलं, “तुम्ही कोण?”

काय सांगणार? नात्याचा नाही, गावचा नाही, जातीचा नाही. माझा नंबर त्या घरात कुणाकडे असायचं कारणच नव्हतं. सगळं झालं तेव्हा मी दहा मिनिटांच्या अंतरावर, घरात बसून असेन, रेडिओ ऐकत.

“भिंतीवर अक्षरं लिहिणारा,” मी म्हटलं.

“अगो बाय! पेंटर?” ती उठली, आत नेलं, चहा ठेवला. मग सांगत बसली. सासूबाई बाजारातून येताना ओळखीच्या बायकांना मुद्दाम भिंतीवरून आणायच्या आणि बोट ठेवून वाचून दाखवायच्या. यो जितारा, यो बोय, यी निवटी. नवीन बायकांना वाटायचं म्हातारी शिकलेली आहे. सासूबाईंनी कुणाला खरं सांगितलं नाही.

चहा गोड होता, जास्तच. सून बोलत होती आणि मला एकदम हुंदका आला. परक्या घरात, परक्या बाईसमोर. तिने तोंड दुसरीकडे केलं आणि तांदळातले खडे बघत राहिली. बायको गेली तेव्हा लोकांनी घर भरलेलं, मला रडायला कोपरा मिळाला नव्हता. इथे मिळाला. घरी आल्यावर नाशिकला फोन लावला, रविवार नव्हता. मुलगी घाबरली. “बाबा, काय झालं?” मी म्हटलं, “ओळखीची एक बाई गेली.” “कोण?” मी थोडं सांगितलं. तिला नीट कळलं नसावं. ती म्हणाली, “तुम्ही इकडे येऊन राहा ना.” मी म्हटलं, बघू.

गेलो नाही. भिंत अजून आहे. दर पावसाळ्यानंतर खालची रांग उडते, मी पुन्हा भरतो. नव्या इमारतीतले लोक तिथे सकाळी चालायला येतात, काही जण हात करतात. ‘मासेवाले पेंटर’ म्हणतात मला. त्यातल्या कुणाचं नाव मला माहीत नाही, आणि त्यांनाही माझं नाही.

मागच्या हिवाळ्यात खडवलीच्या बाजूच्या एका गावातून फोन आला. बचत गटाच्या बायका होत्या. त्यांनी कुठेतरी भिंतीचा फोटो बघितलेला. त्यांच्या नदीवर शनिवार-रविवार शहरातून लोक येतात, बाटल्या फोडतात, कपडे टाकून जातात. घाटाजवळच्या भिंतीवर त्यांना नदीतल्या डोहांची नावं लिहून हवी होती. म्हणजे येणाऱ्याला कळेल, या पाण्याला कुणीतरी ओळखतं.

मी पेटी घेऊन गेलो. नदी स्वच्छ होती, तळाचे दगड दिसत होते. बायकांनी भाकरी आणि वांग्याची भाजी आणली, मला आधी वाढली आणि स्वतः जरा लांब जाऊन आपापसात जेवल्या. परका पुरुष, त्यात वयाने मोठा, त्यांचंही बरोबरच होतं. मी पाण्याकडे तोंड करून जेवलो. पलीकडे त्यांचं हसणं चाललेलं. माझी बायको असती तर पाचव्या मिनिटाला त्यांच्यात जाऊन बसली असती आणि मला हाक मारली असती. मी ताट धुतलं, भिंतीला पांढऱ्या रंगाचा एक हात देऊन झालेला, तो वाळला का बघितलं.

“सांगा पहिलं नाव,” मी म्हटलं.

एका म्हातारीने सांगितलं. दुसरी लगेच म्हणाली, ते नाव या डोहाचं नाहीच, ते वरच्या वळणावरचं. पहिली म्हणाली, तू लग्न होऊन आलीस, तुला काय माहीत. दुसरी म्हणाली, चाळीस वर्षं पाणी भरतेय मी इथलं. बाकीच्या दोन्ही बाजूंना वाटल्या गेल्या. कुणीतरी सासऱ्याची साक्ष काढली, कुणी बुडालेल्या म्हशीची. सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या, हात वर करून नदीकडे दाखवत होत्या, आणि मी तिथे आहे हे त्या साफ विसरल्या. मी बादली उलटी घातली, तिच्यावर बसलो, आणि ब्रश मांडीवर आडवा ठेवून त्यांचं भांडण संपायची वाट बघत राहिलो.